आपापलं कुलूप

मंगळवार, ४ जून

प्रिय मने,

खुशाल असशील. मीही खुशाल आहे. सहज लिहायला बसलो, खास असं काम काही नाही.

तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही. शेजाऱ्यांच्या फोनवरून लावला तर वाजतो, पण तू "हॅलो" म्हणालीस की माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि मी ठेवून देतो. हो, तो मीच होतो. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिचं डोकं खाल्लं म्हणून दिला.

मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली. तू पावाच्या कारखान्यात लागलीस, आणि तेही आमच्याच कंपनीच्या. अगं, जगात कंपन्यांचा काय दुष्काळ पडला होता? बापापासून लांब जायचं म्हणून देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलीस आणि शेवटी आमचाच एप्रन बांधलास! आधी मी खूप हसलो. मग हसू आवरलं आणि काळजी लागली.

विचारायचं एवढंच होतं की तुला कुठल्या कामाला लावलंय? पॅकिंगला असशील तर उत्तम. भट्टीवर असशील तर बाह्या मनगटापर्यंत ठेव, कितीही उकडलं तरी. पीठ मळायच्या मोठ्या मिक्सरवर असशील तर मला लगेच कळव. लगेच म्हणजे खरंच लगेच.

जाताना जे बोललीस ते लक्षात आहे माझ्या. "बाबा, तुम्ही घरातसुद्धा मास्तरच. मी तुमची मुलगी नाही, कायमची ट्रेनी आहे." गॅस कसा बंद करायचा ते मी तुला रोज सांगायचो, हे खरं. अख्खा जन्म नव्या माणसांना काम शिकवण्यात गेला, ती खोड घरी आल्यावर खुंटीला टांगता येत नाही. भांडायचं असेल तर खुशाल भांड. पण दोन ओळींचं उत्तर दे.

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जातायत.

तुझा,
बाबा


शनिवार, ८ जून

मने,

उत्तर नाही. बरं. आता खरं सांगतो. 'सहज' वगैरे काही नव्हतं. माझा जीव टांगणीला लागलाय.

पहिल्या दिवशी तुला एक टॅबलेट दिला असेल. त्यात तो मदतनीस आहे. काहीही विचारा, गोड बोलून लगेच उत्तर देतो. तो मदतनीस माझ्यापासून बनवलाय.

झालं असं. नवी माणसं येतात, गोंधळतात आणि महिन्याभरात पळून जातात, म्हणून कंपनीने ठरवलं की त्यांना शिकवायला कृत्रिम बुद्धिमत्ता आणायची. मुख्य कार्यालयातून एक मुलगी आली. तिचा लॅपटॉप तिच्या हाताला चिकटूनच जन्मलाय असं वाटतं, म्हणून आम्ही तिला लॅपटॉपबाई म्हणतो. तिने माझ्या कॉलरला माइक लावला. मी नव्या पोरांना काय सांगतो, कसं सांगतो, ते काय विचारतात, सगळं त्या यंत्राला ऐकवलं. "सर, तुमच्यासारखं शिकवणारं दुसरं कुणी नाही, आता तुम्ही सगळ्या शाखांमध्ये असाल," म्हणाली. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मीही चढलो.

आता मला वरच्या मजल्यावर एक खोली दिली आहे. खिडकी नाही, खुर्ची चांगली आहे. सगळ्या शाखांमधले प्रश्न आणि यंत्राची उत्तरं पडद्यावर येतात. उत्तर बरोबर असेल तर हिरवं बटण, चूक असेल तर लाल. नाव दिसत नाही, फक्त शाखा आणि विभाग. संध्याकाळपर्यंत मी काहीच दाबलं नाही, तर यंत्र ते हिरवंच धरतं.

सुरुवातीला मला गंमत वाटली. मग जरा लागलं. "हात थरथरतात, ते कुणाला दिसेल का?" "साहेब भरभर बोलतात, पुन्हा विचारलं तर रागावतील का?" "पहिल्या दिवशी रडू आलं तर कुठे जायचं?" मी जन्मभर छाती ठोकून सांगत आलो की काहीही विचारा, आणि हे मला एकानेही विचारलं नव्हतं. यंत्राला विचारतात. यंत्र डोळे वटारत नाही. ते चांगलं काम करतं, हे मी कबूल करतो. म्हणून तर आणखी भीती वाटते, कारण लोकांचा त्याच्यावर विश्वास बसलाय.

काल तुमच्या शाखेतून, मिक्सर विभागातून एक प्रश्न आला. "सुपरवायझरने स्विचला कुलूप लावलेलं आहे. आत वाकून पीठ खरवडायच्या आधी मी माझंही लावायचं का? लावायचं तर का, आणि नाही लावायचं तर का नाही?"

मने, असं दोन्ही बाजूंनी 'का' विचारणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

खाली यंत्राचं उत्तर होतं. "कुलूप लागलंय ना? मग एक पुरे. चला, घाबरायचं कारण नाही."

त्याखाली तू लिहिलंस, "ठीक आहे. थँक्यू."

ते वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझा. मागे एकदा तपासणीचे लोक आले होते. त्यांना मिक्सर नुसता बघायचा होता, दाराबाहेर उभं राहून. सुपरवायझरचं कुलूप होतं, म्हणून मी म्हणालो, एक पुरे, चला. कॉलरला माइक होता. बाहेरून बघणं आणि कमरेपर्यंत आत वाकणं यातला फरक मला समोर दिसत होता, म्हणून मी तो बोललो नाही. यंत्राला फक्त ऐकू येतं. त्याने माझं वाक्य उचललं आणि तुला दिलं.

तेव्हा आता नीट वाच. सुपरवायझरचं कुलूप सुपरवायझरला सांभाळतं, तुला नाही. स्विचवरच्या लोखंडी पट्टीला बरीच भोकं असतात ती एवढ्यासाठीच. जो आत वाकणार त्याने आपलं कुलूप अडकवायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. सगळ्यांची कुलपं निघाल्याशिवाय स्विच हलत नाही. त्याचं काम झालं की तो त्याचं कुलूप काढून जाईल. स्विचपाशी उभ्या असलेल्या माणसाला मिक्सरच्या आतलं माणूस दिसत नाही. तुझं कुलूप नसेल, तर तो मिक्सर चालू करेल.

तुला कुलूप मिळालंच असेल, लॉकरमध्ये पडलं असेल. ते काढ. हे मी मास्तर म्हणून सांगत नाही.

बाबा


सोमवार, १० जून

मने,

हे कुरियरने पाठवतोय, म्हणजे आधीच्या पत्राच्या आधीसुद्धा पोचेल. ते वाचायच्या आधी हे वाचशील तर एवढंच कर: आत वाकायच्या आधी आपलं स्वतःचं कुलूप लाव. बाकीचं नंतर वाच.

ते उत्तर मी लाल केलं होतं. आज तेच उत्तर दुसऱ्या शाखेतून आलं, कारण प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत होता. तेही लाल केलं. दुपारी तिसऱ्या शाखेतून आलं. एक दार बंद केलं की हे दुसऱ्या दाराने घरात.

लॅपटॉपबाईला बोलावलं. ती बिचारी वाईट नाही. खुर्ची ओढून बसली, सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमचं बरोबर आहे. पुढच्या अपडेटमध्ये घेऊ या."

"पुढचं अपडेट कधी?"

"महिनाअखेरीला. मधे बदल करायचा तर समितीची मंजुरी लागते."

"आणि तोवर पोरं आत वाकतील त्याचं काय?"

"सर, सुपरवायझर असतात ना तिथे."

मी हात टेकले. तुमच्या शाखेत फोन लावला. रिसेप्शनवाली म्हणाली, कामाच्या वेळात वैयक्तिक निरोप देत नाही. म्हटलं, वैयक्तिक नाही, कुलपाबद्दल आहे. ती म्हणाली, कुलपासाठी मेंटेनन्सला मेल करा. केला. मग तुमच्या शाखाप्रमुखाला गाठलं. तो म्हणाला, "मास्तर, उत्तरं तर तुम्हीच तपासता ना? मग तक्रार कुणाबद्दल आहे?"

मग मावशीच्या पायाशी गेलो, म्हणजे फोनवरच. तिने तुला निरोप दिला म्हणे. तू काय म्हणालीस तेही तिने सांगितलं, भीत भीत. "बाबांना सांग, मी आता त्यांच्या हाताखाली नाही. इथे शिकवायला मशीन आहे आणि ते ओरडत नाही."

अगं, ते मशीन मीच आहे गं. त्याचा चांगुलपणा माझा आणि त्याची चूकही माझीच. तुला माझं ऐकायचं नाही म्हणून तू माझंच ऐकतेयस, आणि नेमकं तेवढं एक वाक्य ऐकतेयस जे ऐकायला नको. मी काय करू, सांग.

निघून ये म्हणशील. आलो असतो. बॅग भरलीसुद्धा होती. पण दोन दिवस मी या खुर्चीत नसलो की येईल ते सगळं हिरवं होणार, सगळ्या शाखांमध्ये. तिकडे पोचेपर्यंत इकडे काय होईल या विचाराने बॅग तशीच दाराशी ठेवली आहे.

बाबा


बुधवार, १२ जून

मने,

आज सकाळी तुमच्याच शाखेतून, तुझ्याच विभागातून एका पोराने विचारलं. "मी आत वाकलो होतो आणि मिक्सर जरासा फिरून थांबला. मला काही झालं नाही. हे सांगितलं तर नोकरी जाईल का?"

यंत्राने त्याला समजावलं. घाबरू नका, मोकळेपणाने आपल्या सुपरवायझरशी बोला. ज्याने आपलं कुलूप काढून स्विच दाबला, त्याच्याशीच बोला!

मी पडद्यासमोर उभा राहून ओरडत होतो. शेजारच्या खोलीतला हिशेबनीस धावत आला, पाणी दिलं, म्हणाला, मास्तर, घरी जा, प्रकृती बरी दिसत नाही. मी त्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं.

ते पोरगं वाचलं. कसं वाचलं, कुणी ओरडलं की स्विच दाबणाऱ्याचा हात मागे आला, मला कळायला मार्ग नाही. मला नाव दिसत नाही, चेहरा दिसत नाही. त्याच मिक्सरवर तू आहेस, एवढंच मला माहीत आहे. दिवसभर तुझ्या विभागातून नवीन प्रश्न आला की आधी बरं वाटतं, की तू असशील, धडधाकट असशील. प्रश्न आला नाही की मी पडद्यासमोरून उठत नाही.

तू पत्रं फोडतेस की तशीच फेकतेस, कोण जाणे. फेकत असशील तर हे मी भिंतीशी बोलतोय. तरी बोलतो. तू माझ्याशी जन्मभर अबोला धर. माझ्या मयताला येऊ नकोस. मला बाप म्हणू नकोस. काहीही कर, पण त्या मिक्सरमध्ये आपलं कुलूप लावल्याशिवाय वाकू नकोस. मी तुझ्या पाया पडतो. बापाने मुलीच्या पाया पडू नये म्हणतात, म्हणू देत.

उद्या सकाळी मी काय करणार आहे ते इथे लिहीत नाही. हे पत्र भलत्याच्या हाती पडायचं.

बाबा


शनिवार, १५ जून

मने,

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळं लिहितो. तू फोनवर होतीस, पण माझ्या बाजूला काय चाललं होतं ते तुला कळलं नसणार.

गुरुवारी सकाळी मी खुर्चीत बसलो आणि सगळं लाल करायला लागलो. एकेक उत्तर. टोपी कुठे मिळते, लाल. पगार कधी होतो, लाल. हात साबणाने धुवा, तेही लाल. बरोबर असलेली, माझीच, मी प्रेमाने सांगितलेली उत्तरं लाल करताना जिवावर येत होतं. पण उत्तर लाल झालं की यंत्र ते देत नाही. त्याऐवजी म्हणतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, प्रशिक्षकाला फोन करा. आणि तो नंबर माझ्या टेबलावरच्या फोनचा आहे. कुलपाचा प्रश्न कुठल्या शब्दांत येईल ते मला ठरवता येत नव्हतं, तेव्हा त्याचं तोंडच बंद केलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत ते मुकं झालं आणि फोन सुरू झाले. अगं, काय ते फोन! "सर, टॉयलेट कुठे आहे?" कुठल्या शाखेचं ते सांगेना. "सर, बूट चावतोय." "सर, मशीन बिघडलंय का? कालपर्यंत चांगलं बोलत होतं हो." प्रत्येकाला उत्तर दिलं आणि प्रत्येकाला विचारलं, मिक्सरवर आहेस का? आपलं कुलूप लाव. माझा घसा बसला.

लॅपटॉपबाई वर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, काय केलंत हे? मुख्य कार्यालयातून मला विचारतायत. माझी नोकरी जाईल."

"तुझी नाही जाणार. माझी जाईल. त्यांना सांग, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

तेवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा शाखेतलं पोरगं होतं, मिक्सरवरचं. मी बोललो ते तिने ऐकलं. तो म्हणाला, "पण सर, मी तर रोज एकाच कुलपावर आत जातोय." फोनचा आवाज मोठा होता, तिलाही ऐकू गेलं. ती खाली बसली. मग तिने लॅपटॉप उघडला आणि समितीला न विचारता ते एक उत्तर सगळीकडे बदललं. माझ्यासमोर बदललं. पण हे उत्तर पोरांपर्यंत पोचायला संध्याकाळ होईल म्हणाली, आणि ही लाइनही संध्याकाळी बंद करायला सांगितली आहे म्हणाली. सोमवारपासून मला यायचं नाही. ते सांगताना ती रडली, मीच तिला पाणी दिलं.

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, आणि तुझ्या शाखेतून एकही फोन आला नव्हता. मी फोनकडे बघत बसलो होतो. तुझं काम मला ठाऊक आहे, पाळी बदलायच्या आधी मिक्सर खरवडतात. हीच ती वेळ.

मग फोन वाजला.

"हॅलो, मिक्सर विभाग. मशीन म्हणतंय, तुम्हाला विचारा."

तू. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. लॅपटॉपबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तिला वाटलं मला काहीतरी होतंय.

"विचारा," मी म्हणालो. कसाबसा.

तूही थोडी थांबलीस. मग म्हणालीस, "सुपरवायझरचं कुलूप लागलेलं आहे. मी माझं लावायचं का?"

"हो."

"आतापर्यंत नाही लावलं."

"आज लाव. आत्ता. फोन धरून ठेवतो मी."

फोन लोंबकळत सोडलास बहुतेक, तो भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. तू परत येईपर्यंत मी फोन कानाला दाबून धरला.

"लावलं."

"किल्ली?"

"खिशात."

"कुणाच्या?"

"माझ्या. आणखी कुणाच्या?"

एवढंच काम होतं. फोन ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही, तूही ठेवला नाहीस. तुझ्यामागे पाव वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची घरघर चालू होती.

"सर," तू म्हणालीस.

"बोल."

"जेवलात का?"

मने, मी दुपारपासून पन्नास जणांना उत्तरं दिली, पण याचं उत्तर देता येईना. समोर लॅपटॉपबाई उभी होती. मी म्हणालो, "नाही गं."

"डबा आहे?"

"आहे."

"मग उघडा. मी आहे लाइनवर."

मागून कुणीतरी पुरुष ओरडला, "अगं, झालं का तुझं? किती वेळ? मला मिक्सर चालू करायचाय!"

आणि तू त्याला म्हणालीस, मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, "माझं कुलूप आहे. मी काढल्याशिवाय चालू होणार नाही."

तो काहीतरी बडबडत राहिला. तू फोन ठेवला नाहीस. मी डबा उघडला आणि सावकाश जेवलो.

बाबा